पान्याच्या मापाची नाणी

किराणावाल्याने शेकड्यामागे चार मागितले तेव्हाच माझं डोकं फिरलं. आम्ही त्याला नाणी द्यायची, त्याने आम्हाला नोटा द्यायच्या, आणि या उपकाराबद्दल दर शंभराला चार त्याच्या गल्ल्यात. वर म्हणतो कसा, "वहिनी, नाणी कोण घेतं हल्ली?" मी म्हटलं, "तुम्ही घेता की रोज. पोरं गोळ्या घ्यायला येतात ती काय चेक फाडतात?" धाकटीने मागून माझी बाही ओढली. मी नाण्यांची पिशवी उचलली आणि त्याच्या दुकानातून बाहेर पडले.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी आले तर पाहुण्यासारखे. पंक्चरचं दुकान आम्ही दोघी चालवतो. सासूबाईंचं दुकान ते. त्या गेल्या आणि आमच्या गळ्यात पडलं, आणि आता कुणी मागितलं तरी आम्ही ते देणार नाही. धाकटी काम करते आणि मी बोलते, असं लोक म्हणतात. ते खरं नाही, काम मीही करते. बोलते मात्र मी एकटीच. धाकटी गिऱ्हाइकाशीसुद्धा टायरकडे बघत बोलते. एखादा पैसे न देता सटकला तर ती हळूच येऊन माझ्या कानात सांगते, आणि मग त्याच्यामागे रस्त्यावर मी धावते.

झालं होतं असं, की हवेच्या यंत्राची मोटर जळाली. तिच्यात नवी तार भरून आणण्यात विजेच्या बिलाचे पैसे गेले. बिल थकलं, म्हणून वीज कापली. म्हणजे मोटर ठणठणीत, पण वीज नाही. हसावं की रडावं तेच कळेना. तेव्हापासून आम्ही पायपंपाने हवा भरत होतो आणि घरी जाऊन पोटऱ्या चोळत होतो. पंप सायकलच्या दांडीलाच बांधलेला असायचा, कारण सकाळी धाकटी तो घेऊन शाळेच्या दारात जायची. तेवढीच चार चाकं जास्त मिळायची.

मग वीज कंपनीने कळवलं की दंड धरून एक हजार नऊशे नव्वद भरा, नाहीतर मीटर काढून नेऊ. मुदत किराणावाल्याकडे गेलो त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत. मीटर एकदा गेला की नवीन मीटरसाठी अर्ज, तपासणी, खेटे. आमच्या पलीकडच्या वेल्डिंगवाल्याला त्यात वर्ष गेलं. तोपर्यंत त्याचं गिऱ्हाईक पांगलं आणि तो दुसऱ्याकडे कामाला लागला. पायपंपावर वर्षभर आम्ही तगणार नव्हतो, हे मलाही ठाऊक होतं आणि धाकटीलाही. आम्ही ते एकमेकींना बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

नोटा आमच्याकडे नसतात असं नाही, पण येतात तशा जातात. टिकतात ती हवेची नाणी. चाकाला एक नाणं, पाचाचं. ती साठवायची रीत सासूबाईंची. त्यांना विसाच्या पुढे मोजता यायचं नाही, पण डोकं भारी होतं. सायकलची जुनी ट्यूब वीतभर कापायची, एक तोंड ट्यूबच्याच रबराने आवळून बांधायचं आणि आत नाणी एकावर एक बसवायची. गल्ल्यात एक लहानसा पाना आहे. त्याच्या लांबीएवढी चळत भरली की पन्नास नाणी झाली, दुसरं तोंड बांधून टाका. मोजायची भानगड नाही. त्यांनी जन्मभर असाच हिशोब ठेवला, आणि घाऊक टायरवाल्यापासून रबरवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो डोळे मिटून घेतला. आम्हीही तेच करत आलो. त्या दिवशी पिशवीत आठ नळकांडी होती, म्हणजे दोन हजार.

सायकल आवारात लावून आम्ही वीज कंपनीच्या बिलं भरायच्या हॉलमध्ये शिरलो. खिडक्या तीन, पण उघडी एकच. आत एक बाई बसली होती. तिच्या टेबलावर छोटा पंखा होता आणि तो बरोब्बर तिच्या तोंडावर रोखलेला होता. आमच्या बाजूला वाऱ्याची झुळूकसुद्धा यायची नाही. मी तिला मनातल्या मनात पंखेवाली म्हणायला लागले. रांग लांब होती. आम्ही खिडकीशी पोचलो तोपर्यंत माझा घाम मानेवरून पाठीत उतरला होता.

मी बिल आत सरकवलं आणि पहिलं नळकांडं खिडकीत ठेवलं.

पंखेवाली खुर्चीसकट मागे सरकली. "हे काय आहे?"

"पैसे," मी म्हटलं.

"असले पैसे असतात?"

मी रबर सोडलं आणि थोडी नाणी तिला दिसतील अशी बाहेर काढली. ट्यूबमध्ये चिकटू नये म्हणून लावतात ती पांढरी पावडर त्यांच्यावर होती. तिने बोटाच्या टोकाने एक नाणं ढकललं आणि बोट रुमालाला पुसलं.

"नाणी चालत नाहीत. नोटा घेऊन या."

"का चालत नाहीत?"

"का म्हणजे? एवढा खुर्दा मोजत कोण बसणार? भिकाऱ्यासारखी नाणी गोळा करून आणायची आणि आमच्या डोक्यावर ओतायची. पुढचे कोण आहेत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, ही नाणी काय मी घरी पाडलीत? सरकारने पाडली, लोकांनी मला दिली, मी तुम्हाला देते आहे. आणि भीक म्हणाल तर एकेका नाण्यामागे एकेका चाकात हवा भरलेली आहे. तुमच्या या ऑफिसातल्या किती जणांची चाकं आमच्या हवेवर फिरतात ते विचारा जरा."

"ताई," धाकटी माझ्या पाठीमागून पुटपुटली, "जाऊ दे ना. किराणावाल्याकडे परत जाऊ. चार तर चार."

"शेकड्याला चार का म्हणून?" मी मोठ्याने म्हटलं, धाकटीला कमी आणि खिडकीला जास्त.

आमच्या मागे एक शिंपी उभा होता. गळ्यात टेप तसाच, कानाच्या मागे खडू. "अहो, घ्या ना त्यांचे, नाहीतर नका घेऊ," तो म्हणाला, "पण काय ते एक करा. माझी मशीनं बंद आहेत."

पंखेवालीने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही. "ठीक आहे," ती म्हणाली. "मोजते. सगळी मोजते. एक जरी कमी निघालं तर सगळं उचलून परत न्यायचं."

"मोजा," मी म्हटलं. "एक कमी निघालं तर माझं नाव बदला."

पहिलं नळकांडं तिने टेबलावर ओतलं. दोन बोटांनी एकेक नाणं बाजूला करत, ओठ हलवत, अगदी निवांत मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग मान वर केली.

"सत्तेचाळीस."

"पन्नास आहेत."

"सत्तेचाळीस. या, तुम्हीच मोजा."

मी खिडकीतून हात घालून मोजली. सत्तेचाळीस. माझा विश्वास बसेना. मी दुसरं नळकांडं सोडलं. शेहेचाळीस. तिसरं सत्तेचाळीस, चौथं अठ्ठेचाळीस. एक नाणं हातात घेऊन मी ते दुसऱ्याशेजारी उभं धरलं आणि मला कळलं. यंदा पाचाचं नवीन नाणं आलंय, जाडजूड. हातात बरं वाटतं म्हणून आम्ही दोघी त्याचं कौतुक करत होतो. जुनं पातळ. नळकांड्यात दोन्ही मिसळलेली. पाना तेवढाच होता आणि नाणं जाड झालं होतं. सासूबाईंचं माप पहिल्यांदाच चुकलं होतं, आणि ते चुकलंय हे बघायला आमच्या मागे सगळी रांग उभी होती.

आठही मोजून झाली. एक हजार आठशे ऐंशी. एकशे दहा कमी.

"काय नाव ठेवायचं मग तुमचं?" पंखेवाली म्हणाली.

रांगेत कुणीतरी हसलं. मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलंच नाही. असं माझं आजवर झालेलं नाही. लग्नात झालं नाही, सासूबाईंच्या समोर झालं नाही. मी सांगायला लागले, की अहो आम्ही पान्याने मापतो, नवीन नाणं जाड आहे... आणि माझं मलाच ते ऐकवेना.

"पान्याने," ती मागच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पैसे पान्याने मापतात. मोजता येत नसेल तर धंदा कशाला करायचा? का मोजता येतं म्हणूनच प्रत्येकात तीन-तीन कमी भरता? बांधून दिलं की कोण सोडून बघतंय, नाही का? अशीच चोरी चालत असेल रोज."

चोरी. सासूबाईंच्या नळकांड्यांना कुणी कधी हे म्हटलं नव्हतं. मी मागे वळले, धाकटीकडे बघायला. ती तिथे नव्हती. हॉलच्या दारातून बाहेर जाणारी तिची पाठ तेवढी दिसली. गेली रडायला, असं मला वाटलं, आणि तिच्यावरही राग आला. मला इथे एकटीला तोंडघशी पाडून ही निघाली.

"उचला आता हे," पंखेवाली म्हणाली. "बाजूला व्हा. पुढचे या."

मी उचलणारच होते. खरंच सांगते, हात पुढे गेला होता. पण समोर ती आमची सगळी नाणी टेबलभर पसरलेली होती, काही तिच्या पंख्याखाली, काही रजिस्टरखाली गेलेली. आणि भिंतीवरच्या घड्याळात एकला अर्धा तास होता. एकदा या खिडकीसमोरून हलले की परत रांगेच्या शेवटी जायचं, आणि तिथून पुन्हा खिडकीशी येईपर्यंत एक वाजून मीटर गेलेला असणार.

"मी नाही हलणार," मी म्हटलं.

"काय?"

"माझे पैसे तुमच्या टेबलावर आहेत. ओतले तुम्ही. ते तसे टाकून मी बाजूला कशी होऊ? भरा ते परत नळकांड्यात, होतं तसं. मग बघू."

"मी भरू?"

"मग कोण? मी एक नळकांडं सोडलं होतं, बाकीचं तुमच्या हाताने झालं."

यातलं निम्मं खोटं होतं, तीन-चार मीच सोडली होती, पण मला वेळ हवा होता. कशासाठी हवा होता तेही तेव्हा माहीत नव्हतं. मी खिडकीच्या कडप्प्यावर दोन्ही कोपरं रोवली आणि उभी राहिले.

ती रखवालदाराला हाका मारायला लागली. रखवालदार येईना. तिने आणखी दोन हाका मारल्या. शिंपी वैतागून म्हणाला, "आता हे काही लवकर आटपत नाही," आणि बाहेर हवा खायला गेला. त्याच्या मागचे दोघंही गेले. मी मान वळवली नाही. पंखेवाली माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

थोड्या वेळाने शिंपी परत आला, हसत. "बाई," तो मला म्हणाला, "ती तुमच्याबरोबरची, ती कोण तुमची?"

"जाऊ आहे. का? काय झालं?"

"काही नाही. आवारात हवा भरते आहे. माझ्या स्कूटरच्या दोन्ही चाकांत भरून घेतली. मागचं तर किती दिवस बसलेलं होतं, म्हटलं रांग काही हलत नाही, तेवढं तरी होईल."

मी कान दिला. बाहेरून आवाज येत होता, पायपंपाचा, फस्स फस्स, मी झोपेतही ओळखीन असा. आणि मधूनच दुसरा एक आवाज. तो ओळखायला मला वेळ लागला, कारण तो मी कधी ऐकलाच नव्हता. धाकटी ओरडत होती. "हवा! चाकाला एक नाणं! या, उभे राहा रांगेत!"

"रखवालदार कुठे आहे?" पंखेवालीने शिंप्याला विचारलं.

"सायकल उलटी करून उभा आहे. त्याचा नंबर आता आला असेल."

आता मात्र रांगेत मघापेक्षा मोठा हशा पिकला, आणि तो माझ्यावर नव्हता. लोक एकामागून एक बाहेर जाऊन यायला लागले. "माझी जागा धरा हं," म्हणायचे आणि किल्ल्या वाजवत जायचे. ऑफिसातलेही दोघं मागच्या दाराने गेले, मी पाहिलं. मी खिडकी सोडली नाही. माझं काम तेवढंच होतं. पाय दुखत होते, कोपरांना कडप्पा रुतत होता, पण मला एकदम बळ आलं होतं. खरं म्हणजे मला रडू येत होतं, पण पंखेवालीसमोर ते दाखवायची माझी तयारी नव्हती.

एकला काही मिनिटं असताना धाकटी आत आली. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. चालताना एक पाय ओढत होती. शिंपी बाजूला झाला. तिने मुठी उघडल्या आणि नाणी खिडकीत ओतली. मग खिशातली काढली आणि तीही ओतली.

"घ्या," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"ही पण नाणीच!" पंखेवाली ओरडली.

"मग? हवा भरणाऱ्याला लोक काय देतात?" मी म्हटलं. माझं तोंड परत आलं होतं.

तिने मोजली. तिला मोजावीच लागली, कारण आता निम्मी रांग खिडकीशी गोळा होऊन तिच्या बोटांकडे बघत होती, आणि त्या निम्म्या रांगेच्या चाकांमध्ये आमची हवा होती. बावीस नाण्यांना एकशे दहा झाले. तिने उरलेली नाणीही त्याच हाताने ड्रॉवरमध्ये लोटली, बिलावर शिक्का मारला, इतक्या जोरात की पंखा हलला, आणि पावती माझ्या अंगावर फेकली.

मी ती झेलली. वाचली. शिक्का, तारीख, रक्कम, सगळं होतं. आमचा मीटर वाचला होता. "चल गं," मी धाकटीला म्हटलं, "चल, सुटलो."

धाकटी हलली नाही.

"आमची तीन नाणी जास्त गेलीत," ती खिडकीला म्हणाली.

पंखेवालीने वर न बघता, रोज ज्या तोंडाने म्हणत असेल त्याच तोंडाने म्हटलं, "सुट्टे नाहीत."

तिच्यासमोर टेबलभर नाणी होती. ड्रॉवर नाण्यांनी इतका भरला होता की मिटत नव्हता. मग शिंप्याला हसू फुटलं आणि तो भिंतीला टेकला, आणि मग सगळा हॉल हसायला लागला. मागच्या खोलीतून कुणीतरी डोकावून बघितलं. पंखेवालीचे कान लाल झाले.

मलाही हसू आवरेना. पण मला घाईही होती, पावती हातात आहे तोवर तिथून निघायची. मी धाकटीची बाही ओढली. "राहू दे गं. तीन नाण्यांनी काय होतं?"

"नाही, ताई." तिने बाही सोडवून घेतली. "चोर म्हणाल्या त्या आपल्याला. आईंना म्हणाल्या."

आई म्हणजे सासूबाई. मी पावतीची घडी घातली आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

धाकटीने हात खिडकीतून आत घातला. तळवा वर, काळा, पंपाच्या दांड्याने सोललेला. ती टायरकडे बघत नव्हती. सरळ त्या बाईच्या डोळ्यांत बघत होती.

पंखेवालीने ड्रॉवरमधून तीन नाणी उचलून तिच्या हातावर टाकली.

"अशी नाही," धाकटी म्हणाली. तिने तळवा कलता केला, तीनही नाणी परत टेबलावर पडली, आणि तळवा पुन्हा पसरला. "मोजून द्या."

"तीनच तर आहेत!"

"मोजून."

घड्याळात एक वाजून गेला होता. खिडकी बंद करायला कुणी आलं नाही, रांगेतलंही कुणी कुरकुरलं नाही. पंखेवालीने मागे बघितलं, पुढे बघितलं. तिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं. तिने पहिलं नाणं उचललं.

"एक," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," धाकटी म्हणाली.

"एक," पंखेवाली म्हणाली. "दोन. तीन."

या वेळी ते रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. धाकटीने मूठ मिटली आणि मगच ती खिडकीसमोरून बाजूला झाली.